लोकशाहीची पाटी आणि शालनची वाटी

अमेरिकेतल्या निवडणुकीमुळे मला लालबागमध्ये भरलेलं पापलेट मिळेनासं झालं.

हसू नका! अमेरिकेत कोणीतरी काहीतरी बोलतं आणि आपल्याकडे सोन्याचा भाव चढतो, हे तुम्ही पेपरात निमूट वाचता ना? मग माझं पापलेट गेलं हेही ऐकून घ्या. चूक कोणाची ते मात्र आत्ताच विचारू नका. (माझीच.)

मी नलिनी. म्युनिसिपालिटीच्या शाळेत जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं, रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिला, आता रिटायर. अक्षर अजून मोत्यासारखं आहे. (हे मी म्हणत नाही, अख्खी चाळ म्हणते. चाळीतल्या लग्नाच्या पत्रिकांवरची नावं माझ्याकडूनच लिहून घेतात.) लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. हे गेले तेव्हापासून खोलीत मी एकटी. मुलगा संजू अमेरिकेत, न्यू जर्सीला.

आणि भिंतीपलीकडे शालन.

शालन आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या चाळीत आलो. ती मालवणची, मी गिरगावची. ती वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाजाने दुप्पट. हे गेल्यावर मी मासे करणं सोडलं. एकट्या जिवासाठी नारळ फोडवत नाही हो. खवायचा कोणासाठी, वाटायचा कोणासाठी? शालनने मला काही विचारलं नाही, समजावलं नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार माझ्या ओट्यावर वाटी आदळायला लागली.

"काय गो भवाने, जेवलंस काय? ह्या घे. आणि कुकरात नुसतो भात करून ठेवू नको."

बस. एवढंच. कधी बांगड्याचं तिखलं, कधी सुकटीची चटणी, आणि रविवारी भरलेलं पापलेट. आता आमच्याकडे वाटी रिकामी परत जात नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी द्यायची नाही. मी लिंबाचं लोणचं घालायची, शंकरपाळे घालायची. अशी ती स्टीलची वाटी भिंतीच्या अलीकडे-पलीकडे फिरत राहायची. खरं सांगायचं तर माझा अख्खा आठवडा त्या वाटीवर चालायचा.

अशात संजूने मला अमेरिकेला बोलावलं. "आई, निवांत राहा पाच महिने," म्हणाला. नेमकी तेव्हा त्यांची मोठी निवडणूक.

संजूचं घर मोठं. इतकं मोठं, की सकाळी तो आणि सून कामाला आणि नात शाळेत गेली, की मला माझाच खोकला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चाळीत आपण दुपारी जरा दार लोटलं तर चार जण येऊन विचारतात, 'काय गं, बरं नाही का?' इथे दार बंदच, आणि विचारणारं कोणी नाही. संध्याकाळी टीव्हीवर दोन पक्षांची माणसं एकमेकांवर ओरडायची. तेवढं मात्र अगदी घरच्यासारखं वाटायचं. मी मुद्दाम आवाज मोठा करून बसायची.

आणि सभ्यता! बाई गं, काय ती सभ्यता! फिरायला निघालं की समोरून येणारा अनोळखी माणूस हसून विचारणार, "हाय, हाउ आर यू?" पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी सांगायलाच घेतलं. गुडघ्यांपासून सुरुवात केली. ब्लडप्रेशरपर्यंत पोचले तोवर माणूस कोपऱ्यावर वळला होता. एकदा मॉलमध्ये माझ्या पुढच्या बाईने माझ्यासाठी दार धरून ठेवलं. मग मीही मागच्यासाठी धरलं. त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरी. प्रत्येक जण हसून "थँक्यू!" सून आत गेली, नातीचे कपडे घेतले, पैसे देऊन बाहेर आली, तरी मी आपली दार धरून उभी.

"आई, अहो सोडा ते दार!"

"अगं पण लोक येतायत!"

"ते येतच राहणार, आई. मॉल आहे तो."

सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगू? मला सोडवत नव्हतं. त्या अख्ख्या दिवसात माझ्याशी तेवढीच माणसं बोलली होती.

तर निवडणूक. संजूच्या शेजारी कॅरोल नावाची म्हातारी राहायची, माझ्याच वयाची, एकटी. समोर बॉब. कॅरोलच्या हिरवळीवर निळी पाटी, तिच्या उमेदवाराच्या नावाची. बॉबच्या हिरवळीवर लाल पाटी, त्याच्या उमेदवाराच्या नावाची. मी बघतच राहिले.

"संजू, हे मत कोणाला देणार ते अंगणात लिहून ठेवतात?"

"हो. लावतात बरेच जण."

"आणि मग मारामारी?"

"नाही गं. म्हणजे सगळीकडे इतकं गोड नसतं. आमच्या ऑफिसात तर आम्ही तो विषयच काढत नाही."

"पण हे दोघं बघ! सकाळी हात काय हलवतात, गुड मॉर्निंग काय म्हणतात! परवा बॉबने कॅरोलचा कचऱ्याचा डबा स्वतः आत नेऊन ठेवला. लाल पाटीवाल्याने निळ्या पाटीवालीचा डबा! याला म्हणतात लोकशाही. नाहीतर आपल्याकडे!"

संजू लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "आई, ते एकमेकांच्या घरात आजपर्यंत कधी गेलेले नाहीत."

हे वाक्य मी कानाआड केलं. मास्तरणीला पोरांची उत्तरं कानाआड करायची सवयच असते.

परत आले ती अमेरिका घेऊनच. संध्याकाळी गॅलरीत खुर्च्या पडायच्या आणि माझं प्रवचन सुरू. हॉर्न वाजवत नाहीत, रांगेत घुसत नाहीत, धक्का आपण दिला तरी सॉरी तेच म्हणतात. गॅलरीच्या टोकाला राहणारे तात्या म्हणजे चाळीतले अमेरिकातज्ज्ञ. कधी विमानतळाच्या दारापर्यंतही गेलेले नाहीत, पण मोबाइल आहे.

"नलूताई, अमेरिकेत सगळं सेटिंग असतं. कोण निवडून येणार ते आधीच ठरलेलं. माझ्याकडे व्हिडिओ आलाय."

"अहो तात्या, मी तिथे स्वतः बघून आले!"

"तुम्ही नुसतं बघितलंत. मी फॉरवर्ड केलंय."

शालन हे सगळं बांगडे साफ करता करता ऐकायची. मी म्हटलं, "निदान कोणाच्या घरात जाताना दार तरी वाजवावं माणसाने."

"दार उघडाच आसता गो! वाजवू काय? कपाळ?"

त्या दिवशी वाटी घेताना मी अमेरिकन सवयीने "थँक्यू" म्हणून गेले. शालनने माझ्याकडे असं बघितलं की मी जशी काही तिची जात विचारली.

"थँक्यू कोणाक म्हणतंस? मी काय बँकेतली बाय आसंय?"

तिथेच मी शहाणी व्हायला हवी होती. नाही झाले.

कारण दिवाळी झाली आणि चाळीच्या कमिटीची निवडणूक लागली. अध्यक्ष वर्षानुवर्षं एकच, बाळाभावजी. म्हणजे शालनचा नवरा. भावजी बसमध्ये कंडक्टर होते. मीटिंगमध्ये कोणी जरा लांबण लावली की ते सवयीने म्हणत, "पुढे चला, पुढे चला!" आणि विषय खरोखर पुढे जायचा. माणूस सोन्यासारखा. कोणाच्या घरी मयत झाली की पहिली हाक त्यांना, कोणाचं लग्न ठरलं की पहिला पेढा त्यांना. पण चाळीची टाकी गळायची ती गळायचीच. भावजी पाइपाला फडकं बांधायचे आणि म्हणायचे, "बघू या." अख्ख्या चाळीच्या पाइपांना मिळून भावजींची एक जुनी युनिफॉर्मची पँट गुंडाळलेली होती.

दर वेळी त्यांच्या विरोधात कोणीतरी उभं राहायचं आणि पडायचं, यंदा पहिल्यांदाच जिंकण्यासारखं कोणीतरी उभं राहिलं. तळमजल्यावरची स्नेहा, माझीच विद्यार्थिनी. लोअर परळला मोठ्या ऑफिसात नोकरी. मी अमेरिकेत असताना तिने महापालिकेत खेटे घालून टाकी दुरुस्त करून घेतली होती. मुलगी हुशार, कामाची. मला मनापासून वाटलं, हीच यावी.

आता आमच्या चाळीची रीत सांगते. उमेदवार घरोघरी येतो. आपण त्याला चहा द्यायचा आणि म्हणायचं, "मत तुलाच! हे काय सांगायला हवं?" अर्ध्या तासाने दुसरा येतो. त्याला त्याच कपातून चहा द्यायचा आणि तेच म्हणायचं. दोघांनाही माहीत असतं की समोरचा थापा मारतोय. कोणी मनाला लावून घेत नाही. चहा पितात, बिस्किट खातात, जातात. आत खोलीत चिठ्ठीवर काय लिहायचं ते ज्याचं तो लिहितो.

मला हे जन्मभर ढोंग वाटत आलं होतं. आणि आता तर मी अमेरिका बघून आले होते!

मी अमेरिकेहून सामान आणलेला खोका कापला. जाड मार्कर घेतला. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'या घराचा पाठिंबा: स्नेहा'. चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली, कोपऱ्यात सूर्यफूल. सकाळी दाराबाहेर खिळ्याला टांगली आणि चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, हात हलवायला. शालन दूध घेऊन आली.

"गुड मॉर्निंग, शालन!" मी म्हटलं. (कॅरोल असंच म्हणायची.)

शालनने पाटी वाचली. सावकाश वाचली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा वाचली. मला वाटलं आता तोंड सोडेल. मी तयारीत होते. शिव्या घातल्या की आपण हसून सांगायचं, मतभेद असावेत, मनभेद नसावेत. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं.

शालन सरळ आत गेली आणि दार लावलं. दिवसाढवळ्या! आमच्या मजल्यावर दिवसा दार लागतं ते फक्त घरचे सगळे गावाला गेले तर.

मी म्हटलं, पहिल्यांदा जड जातंच. दुपारपर्यंत सगळ्या चाळीला बातमी. लोक वरून-खालून पाटी बघायला आले. संध्याकाळी तात्यांच्या दारावर पाटी: 'या घराचा पाठिंबा: बाळा. (फॉरवर्ड करा.)' दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर एका खोलीच्या दोन दारांपैकी एकावर नवऱ्याची, एकावर बायकोची. बायको आपल्या दारातून नवऱ्याला येऊ देईना! पहिल्या मजल्यावर कोणीतरी लिहिलं, 'या घराचा पाठिंबा कोणालाच नाही. कृपया चहाला येऊ नये.' आणि संडासाच्या दारावर रातोरात पाटी लागली, 'येथे सर्वांना समान संधी'. (तेवढी मात्र सगळ्यांना पटली.) जन्मभर दोघांना चहा पाजणारी माणसं आता एकालाच पाजायला लागली, आणि दुसऱ्याच्या दारावरून जाताना जिन्याकडे बघायला लागली.

आणि बुधवारी वाटी आली नाही.

शुक्रवारीही नाही. पलीकडून फोडणीचा वास आला, कोकमाचा आला, तव्यावर काहीतरी चरचरलं तेही ऐकू आलं. मी पानावर बसून वाट बघितली. मग कुकरातला नुसता भात दुधाबरोबर खाल्ला.

शालन भांडली असती तर मी टिकले असते. चाळीत वाढलेल्या बाईला भांडणाचं काय! पण शालनने माझ्याशी जे केलं ते मी शत्रूशीही करणार नाही. ती माझ्याशी सभ्य वागायला लागली.

नळावर भेटलो. मी म्हटलं, "शालन, तुझं होऊ दे आधी."

"नाही, नाही. आपण घ्या, नलिनीताई."

आपण! नलिनीताई! मी मागे वळून बघितलं, कोणी दुसरी उभी आहे का. गॅलरीत माझ्या अंगावरून जाताना म्हणाली, "एक्सक्यूज मी." चाळीच्या गॅलरीत जन्मभर मला ढुंगणाने ढकलून पुढे जाणारी बाई! मालवणीही बंद. माझ्याशी बोलताना पुस्तकातलं मराठी, तेही शुद्ध. मी तिला इतकी वर्षं शुद्ध बोलायला सांगत होते. बोलली तेव्हा मला ते ऐकवेना.

माझ्याकडे तिची एक वाटी राहिली होती. मी डिंकाचे दोन लाडू घालून नेऊन दिली. भावजींनी घेतली. ते बिचारे म्हणाले, "या ना वहिनी, बसा." आतून शालनचा आवाज आला, "त्यांना घाई असेल." संध्याकाळी माझी एक जुनी वाटी, जी कधीची त्यांच्याकडे होती, माझ्या उंबऱ्यावर ठेवलेली दिसली. स्वच्छ घासलेली. पुसलेली. रिकामी.

चिमूटभर साखरही नव्हती हो तिच्यात! मी ती वाटी हातात घेऊन कितीतरी वेळ खाटेवर बसून राहिले. संजूचं ते दिवसभर बंद असलेलं घर मला आठवलं. मी विमानाचं तिकीट काढून जिथून निघून आले होते, तेच घर मी इथे दहा बाय बारात बांधून घेतलं होतं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर संजूला सांगितलं. तो हसू दाबत होता, मला दिसत होतं.

"आई, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. कॅरोल आणि बॉबचं भांडण होत नाही कारण त्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. त्यांनी एकमेकांचं मीठ खाल्लंय का? मग? तू शालनमावशीच्या हातचं जेवतेस गं!"

"मग आता काढू पाटी?"

"ते तू ठरव. लोकशाही आहे."

पाटी काढायची तर सगळी चाळ म्हणणार, घाबरली मास्तरीण. त्यात स्नेहा आली. मला वाटलं आभार मानायला आली असेल.

"टीचर, प्लीज, ती पाटी काढा ना!"

"अगं, मी तुझा प्रचार करतेय!"

"तुमच्या प्रचारामुळे मी पडणार, टीचर! लोकांना बाळाकाकांची दया यायला लागलीय. सगळे म्हणतात, शेजारणीने सोडलं बिचाऱ्याला. आधी निम्मी चाळ गुपचूप मला मत देणार होती. आता त्यांना माझ्याशी बोलायला लाज वाटते."

"स्नेहा, मत मांडायला घाबरायचं नसतं. तुला शाळेत हेच शिकवलं ना मी?"

"तुम्ही शुद्धलेखन शिकवलंत, टीचर," ती म्हणाली आणि डोक्याला हात लावून जिना उतरली.

म्हणजे माझ्या पाटीने शालन गेली, भावजी दुखावले, आणि जिच्यासाठी लावली ती पोरगीही रडकुंडीला आली. पाटी मात्र होती तिथेच होती. सूर्यफूल हसत होतं.

मतदानाचा रविवार. तळमजल्यावर कॅरमच्या खोलीत फरसाणाचा रिकामा डबा, झाकणाला फट. मोजणारे तात्या, कारण त्यांच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता, म्हणजे ते सगळ्यांना सारखेच. मी चिठ्ठी घेऊन पडद्यामागे गेले. पेन उघडलं. 'स्नेहा' लिहायचं होतं. लिहायलाच हवं होतं. टाकी, पाइप, भावजींची ती पँट, सगळं डोळ्यासमोर आणलं.

पण डोळ्यासमोर आली ती रिकामी वाटी. आणि हे गेले त्या सकाळी सगळ्यात आधी धावत आलेले, बनियनवरच, पायात चपला नसलेले भावजी.

मी चिठ्ठीवर 'बाळा' लिहिलं.

आणि मग लक्षात आलं, माझं अक्षर तात्या अर्ध्या मैलावरून ओळखतात! चिठ्ठी चुरगाळून ब्लाउजमध्ये खोचली. दुसरी मागून घेतली आणि डाव्या हाताने लिहिलं. बाळाचा ळ पालथाच पडला.

मोजणी सुरू झाली. सगळी चाळ दारात, खिडकीत, जिन्यावर. बाळा, स्नेहा, बाळा, बाळा, स्नेहा. मध्येच तात्या थांबले.

"हे काय आहे? बाळाच आहे बहुतेक. अरे, कोणाचं हे अक्षर? कोंबडी नाचून गेलीय! नलूताई, तुमच्या शाळेतला नसणार हा."

सगळे हसले. मी पण हसले. जन्मभर कमावलेली अब्रू मी तिथे गप्प बसून घालवली.

स्नेहा एका मताने निवडून आली.

अख्ख्या खोलीने माना वळवून माझ्याकडे बघितलं. त्या एका मताचा पत्ता सगळ्यांना माहीतच होता, माझ्या दारावर लटकत होता. भावजी उठले, स्नेहाच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "चला, पुढे चला." आणि एकटेच जिना चढायला लागले. शालन त्यांच्या मागे. माझ्याकडे बघितलंही नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ती कोंबडी मीच! पण कोण विश्वास ठेवणार? पाटी स्वतःच्याच अक्षरातली होती.

घरी आले, पाटी उतरवली, खाटेखाली सारली. दार लोटून घेतलं. कोणी विचारायला आलं नाही, 'काय गं, बरं नाही का?'

बुधवारी दुपारी दार धाडकन उघडलं. वाजवलं नाही, हे आधी नमूद करते.

"गो ए! अंधारात कित्याक बसलंस? मेलंस काय?"

शालन! हातात वाटी! मी खाटेवरून अशी उठले की गुडघा बोलला.

"शालन, अगं मी..."

"गप बस! आदी माका बोलूक दी." तिने वाटी ओट्यावर आदळली, दार पुढे केलं आणि माझ्या शेजारी बसली. आवाज एकदम खाली. शालनला हळू बोलता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"कोणाक सांगशीत तर जीभ हासडीन. मी मत स्नेहाक दिलंय."

मी वाटीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"काय बघतंस? पाइप फुटलो, हो उठलो. कोण मेलो, हो धावलो. जेवणावरसून उठता, झोपेतसून उठता. आता गुडघे गेले तरी तीन जिने वर-खाली. आख्ख्या चाळीचो झालो, नलू. माझो कधी झालोच नाय. म्हटलां, पडूंदे एकदा. घरात बसूंदे माझ्याबरोबर." तिने पदराने नाक पुसलं. "काल पयल्यांदा दुपारी माझ्यासोबत बसून चाय प्यालो."

भिंतीच्या अलीकडे मी एकटी आहे, एवढंच मला इतकी वर्षं ठाऊक होतं.

"मग माझ्यावर एवढी का चिडलीस गं? माझंही तर तेच..."

"मत कोणाकय दी गो! मत कोण इचारता? पण लिवून कित्याक लावलंस? भितूर पाडा, भायर मान ठेवा! तो पाटी बघून जेवलो नाय त्या दिवशी. 'नलूवहिनीन पण?' इतक्याच म्हणालो." मग माझ्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "जाऊंदे. एका मतान पडलो. तुझा आणि माझा, दोघींचा मत होता म्हणान झाला. तू माझ्याबरोबर होतंस. नायतर माझ्या एकटीच्यान काय होणार होता?"

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. "दिलंस मा नक्की स्नेहाक?"

आता बघा माझी अवस्था. खरं सांगावं, की बाई, तू नवरा घरी आणायला धडपडत होतीस तेव्हा मी डाव्या हाताने त्याला पुन्हा अध्यक्ष करत होते? वाटी अजून ओट्यावर होती. झाकणाखालून कोकमाचा वास येत होता. हात लांब केला असता तर शालनला ती सहज उचलता आली असती.

"मग?" मी म्हटलं. "पाटीवर लिहिलं नव्हतं का?"

तेवढ्यात दारातून भावजींनी डोकावलं. हातात दोन कप. "काय वहिनी, रागावलात काय आमच्यावर? अहो, मत तुमचं, तुम्ही दिलंत. उघड दिलंत, त्याचं कौतुकच. बाकी सगळे तोंडावर गोड बोलले."

शालन माझ्याकडे बघत होती. मी भावजींकडे बघत होते. तोंड उघडलं आणि चहा घेतला.

असं सगळं आहे. रविवारचं पापलेट पुन्हा सुरू झालंय, वाटी पुन्हा फिरतेय, आणि गॅलरीत शालन मला पुन्हा ढकलून पुढे जाते. सभ्यतेवरचं प्रवचन मी बंद केलंय. अमेरिकेतला कुठला पक्ष बरा असं कोणी विचारलं तर दोन्हीकडचे चांगले आहेत म्हणते आणि चहा पुढे करते. आमच्या चाळीत जन्मभर सगळेच तोंडी खोटं बोलत आले. सुंदर अक्षरात, वेलबुट्टी काढून, दारावर टांगून खोटं बोललेली मात्र मी एकटीच.